दिवेलागणीनंतरचं हैदराबाद

पाहुणं म्हणून मोठ्या शहरात गेलं की दिवस आपला नसतो. तो ऑफिसचा असतो, दवाखान्याचा असतो, नाहीतर लग्नाच्या बस्त्याचा. आपली असते ती संध्याकाळी सातनंतरची वेळ, आणि नेमकी तीच आपण मराठी माणसं यजमानांच्या सोफ्यावर घालवतो. 'दमली असशील, जेवून घे, उद्या लवकर उठायचंय' एवढं ऐकलं की शहर संपलं. या वेळचा लेख त्याच वेळेबद्दल आहे आणि निमित्त आहे हैदराबादचं.

यंदा जानेवारीत कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी मी आठ दिवस हैदराबादला होते. टीममधली बाकीची मंडळी गच्चीबावलीच्या हॉटेलात उतरली. मी मुक्काम ठोकला काचीगुड्याला, आत्याकडे. रोज सकाळी ऑटोने कोठीपर्यंत, तिथून मेट्रोची लाल मार्गिका, अमीरपेटला उतरून निळी, मग हायटेक सिटी. जाता-येता बराच वेळ जायचा. टीममधला एक जण म्हणाला, "एवढ्या लांब राहून तुला मिळतं काय?" मी म्हटलं, "संध्याकाळ."

आम्हा नांदेड-परभणीकडच्या माणसांसाठी काचीगुडा म्हणजे हैदराबादचा उंबरठा. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, म्हणजे आमच्या आजोबांची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. कोर्टकचेरी, कॉलेज, मोठा दवाखाना, सगळ्यासाठी मनमाडकडून येणारी मीटरगेजची गाडी धरायची आणि काचीगुड्याला उतरायचं. १९१६ साली निजामाच्या काळात बांधलेली घुमट-मिनारांची ती पांढरी स्टेशन इमारत आजही उभी आहे. निजामाच्या रेल्वेचं मुख्यालय एकेकाळी इथेच होतं. दिवसा ती पार्किंग आणि ऑटोंच्या गर्दीत हरवून जाते. रात्री नऊनंतर समोरचा रस्ता जरा मोकळा झाला, इमारतीवर दिवे पडले, की मग ती नीट दिसते. स्टेशनाबाहेर ट्रंका, पिशव्या, लेकरं आणि मराठीतली भांडणं हेही तेव्हाच निवांत ऐकू येतं.

आत्या या भागात अडतीस वर्षं राहते. काका रेल्वेत गार्ड होते. त्यांना रात्र नवीन नाही, त्यांची निम्मी नोकरी रात्रीच्या गाड्यांवर गेली. आत्याला मात्र रात्रीचं हैदराबाद माहीतच नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी चपला घालताना दिसले तशी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुठं निघालीस गं इतक्या रात्रीचं?" घड्याळात साडेसात वाजले होते.

"कोठीपर्यंत चालत जाऊन येते. तूही चल की."

"मी कशाला? तू जा, आणि लवकर ये."

काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जा गं. पोळ्या मी गरम करून घेतो." तेवढ्यावर ती निघाली.

काचीगुड्याहून बडी चावडी आणि सुलतान बाजारातून कोठीपर्यंतचा रस्ता फार लांबचा नाही. हा रस्ता तरुण मंडळींनी मुद्दाम चालून पाहावा. सुलतान बाजाराचं जुनं नाव रेसिडेन्सी बाजार. पलीकडेच ब्रिटिश रेसिडेंटची कोठी होती. तिच्यावरूनच कोठी हे नाव पडलं. पुढे त्याच वास्तूत महिला महाविद्यालय आलं आणि आता महिला विद्यापीठ आहे. १९३३ पर्यंत हा बाजार ब्रिटिशांच्या अखत्यारीत होता, निजामाच्या नव्हे. साहजिकच निजामी राजवटीत सभा-संस्था, वाचनालयं काढणाऱ्यांना इथे जरा मोकळेपणा मिळायचा. १९०१ साली सुरू झालेलं तेलुगूंचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम याच भागात आहे, आपलं मराठी ग्रंथसंग्रहालयही इथलंच. जवळच जांबागेत न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी शाळा आहे, शंभरी ओलांडलेली. रात्री या बाजारात साड्यांची दुकानं, रस्त्यावर मांडलेल्या क्लिपा आणि टिकल्या, डोक्यावरून जाणारी मेट्रो, आणि मध्येच एखादा दुकानदार "या ताई" म्हणतो. कपाळावरच्या टिकलीवरून की चालण्यावरून, त्यांना कळतं खरं.

कोठीच्या चौकाजवळ आल्यावर आत्याची पावलं मंदावली. समोर गोकुळ चाट होतं. नेहमीची गर्दी, हातात द्रोण, उभ्यानेच खाणारी माणसं. मी रस्ता ओलांडायला निघाले तर तिने माझा हात धरला.

२५ ऑगस्ट २००७, शनिवार. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास काही मिनिटांच्या अंतराने हैदराबादमध्ये दोन बॉम्बस्फोट झाले. एक इथे, गोकुळ चाटमध्ये. दुसरा हुसेनसागराकाठच्या लुंबिनी पार्कमध्ये, लेझर शो पाहायला बसलेल्या लोकांमध्ये. चाळीसहून अधिक माणसं गेली. लुंबिनी पार्कमध्ये संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं होती. औद्योगिक सहलीसाठी हैदराबादला आली होती, दिवसभराचं काम आटोपून संध्याकाळी शो पाहायला गेली होती. त्यातली काही घरी परतली नाहीत. २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने या खटल्यात दोघांना फाशीची शिक्षा सुनावली.

मी तेव्हा नांदेडला बीईच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमचीही इंडस्ट्रियल व्हिजिट हैदराबादलाच ठरत होती. ती त्या वर्षी रद्द झाली. संगमनेरच्या त्या मुलांची नावं आम्ही वर्गात पेपर पसरून वाचली होती. आमच्याच वयाची, आमच्यासारखीच, परक्या शहरात पहिल्यांदा रात्री फिरायला बाहेर पडलेली मुलं.

आत्याची त्या रात्रीची गोष्ट मला माहीत नव्हती. ती फुटपाथच्या कडेला उभी राहून सांगत गेली. काका गाडीवर होते. माझा आतेभाऊ तेव्हा अकरावीत, कोठीला क्लासला गेलेला. फोन लागत नव्हते. टीव्हीवर गोकुळ चाटचं नाव येत होतं आणि ती गॅलरीत उभी होती. मुलगा पावणेअकराला चालत घरी आला. क्लासच्या सरांनी सगळ्यांना आत बसवून ठेवलं होतं. "त्याला काहीच झालं नव्हतं," आत्या म्हणाली, "पण मला झालं." त्यानंतर दिवेलागण झाली की ती कारणाशिवाय घराबाहेर पडली नाही. मुलगा शिकून पुण्याला गेला, लग्न झालं, नातवंडं झाली. नियम तसाच राहिला. कुणी तो मोडायला सांगितलंही नाही.

त्या दिवशी आम्ही चाट खाल्लं नाही. शेजारच्या गल्लीतून उसाचा रस पिऊन घरी आलो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तेव्हा आत्या साडी बदलून बसली होती. "आज कुठं?" तिनेच विचारलं.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बसने नामपल्लीकडे गेलो. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून सरकारी बसमध्ये तिथल्या रहिवासी महिलांना प्रवास मोफत आहे. आत्याने आधार कार्ड दाखवून झिरो तिकीट घेतलं, मी पाहुणी म्हणून पैसे मोजले, आणि तिला त्याचा फारच आनंद झाला. नामपल्लीच्या मैदानावर साधारणपणे १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी नुमाइश भरते. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी मोजक्या पन्नासेक स्टॉलनी सुरू केलेलं हे प्रदर्शन. आता काश्मीरच्या शाली, खुर्जाची क्रोकरी, लखनौचे कुर्ते, पाळणे, पापडी असं सगळं एका जागी मिळतं. दुपारनंतर उघडतं आणि खरा रंग भरतो तो दिवे लागल्यावर. प्रदर्शन भरवणारी संस्था त्याच्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था चालवते. सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू पॉलिटेक्निक त्यातलीच. म्हणजे बायकांनी नुमाइशीत बांगड्या घ्यायच्या आणि त्यातून मुलींची कॉलेजं चालायची, हा हिशेब मला फार आवडला. नुमाइशीत एक दिवस फक्त महिलांसाठी राखून ठेवतात. आत्या म्हणाली, लग्न होऊन आली त्या वर्षी शेजारणींबरोबर त्या दिवशी एकदा आली होती. नंतर संसारात राहून गेलं.

तिथून मोअज्जमजाही मार्केट जवळ आहे. १९३५ ची दगडी इमारत, मध्ये घड्याळाचा मनोरा. काही वर्षांपूर्वी तिची डागडुजी होऊन २०२० मध्ये ती नव्याने खुली झाली. रात्री पिवळ्या दिव्यांत तो दगड सुरेख दिसतो. आवारात फळांची आइस्क्रीम मिळतात, मोसमाप्रमाणे बदलणारी. सीताफळाची कीर्ती मोठी, पण तो मोसम संपला होता, म्हणून आम्ही चिकूवर समाधान मानलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून रात्री साडेनऊला आइस्क्रीम खाणाऱ्या आत्याचा फोटो मी काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "माझं पार्सल आणा."

चारमिनार मात्र मी काकांना घेऊनच पाहिला. तिथे मेट्रो जात नाही, ऑटो करावी लागते. एक लक्षात ठेवा, रात्री चारमिनारवर चढता येत नाही, वर जायचं तर दिवसाच जायला हवं. रात्री तो बाहेरून पाहायचा. १५९१ साली मुहंमद कुली कुतुबशहाने तो बांधला. हिजरी सनाचं हजारावं वर्ष तेव्हा चालू होतं. आजूबाजूला लाड बाजार, तिथल्या लाखेच्या बांगड्या. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर गरम लाख वळून तिच्यावर एकेक खडा बसवत असतो ते पाच मिनिटं उभं राहून पाहावं. मग भाव करायला जीभ रेटत नाही.

चहा प्यायचा तो चारमिनारच्या सावलीतल्या निमराह कॅफेत. इराणी चहाचं तंत्र सोपं पण वेळखाऊ असतं. चहाचा अर्क बंद भांड्यात मंद आचेवर बराच वेळ मुरत ठेवतात, दूध वेगळं आटवतात आणि दोन्ही एकत्र येतात ते कपातच. म्हणून तो इतका दाट आणि किंचित गोडसर लागतो. सोबत उस्मानिया बिस्किट, थोडं गोड, थोडं खारट. काका आमच्या शेजारी उभ्या माणसाशी हैदराबादी बोलीत गप्पा मारत होते. "और एक चाय?" "नक्को भई, हौ बोले तो रात कू नींद नक्को आती." हा 'नक्को' म्हणजे आपला 'नको'. दख्खनी उर्दूने तो मराठीकडून घेतला आणि असा काही वापरला की आता तो हैदराबादचाच वाटतो. परक्या शहरात रात्री अकराला आपलाच शब्द असा भेटला की बरं वाटतं.

रविवारी हुसेनसागर. सोळाव्या शतकात इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात बांधलेलं हे तळं, त्याच्या बांधावरचा टँक बंड रस्ता. २०२१ मध्ये रविवारी संध्याकाळी हा रस्ता वाहनांना बंद करून लोकांना चालायला मोकळा करण्याचा उपक्रम सुरू झाला होता. आम्ही गेलो त्या दिवशी वाहनं चालू होती, तरी कठड्याच्या बाजूला फुगेवाले, भुट्टेवाले, सायकली आणि लेकरांची झुंबड होती. तळ्याच्या मधोमध एकाच दगडातून घडवलेला बुद्ध. १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना ही मूर्ती तळ्यात बुडाली आणि तिच्याबरोबर काही कामगारही. दोन वर्षं ती तळाशी पडून होती. १९९२ च्या अखेरीस ती वर काढून उभी केली. पलीकडच्या काठावर नवं सचिवालय आणि त्याच्याजवळ बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा, एप्रिल २०२३ मध्ये अनावरण झालेला. त्याचे शिल्पकार राम सुतार, मूळचे आपल्या धुळे जिल्ह्यातले.

आत्याने विचारलं, "ते लुंबिनी पार्क कुठलं?" मी हात करून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ या."

तिकीट काढून आत गेलो. दारात बॅगा तपासल्या. आत पोरं पळत होती, बोटीची रांग लागली होती, एका कॉलेजची वीस-पंचवीस मुलं सेल्फी काढत होती. कुठली ते विचारलं नाही. आत्या एका बाकावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पोरांच्या आया अजून असतील नं." मी म्हटलं, "असतील." "माझं लेकरू आलं गं घरी. मी कशाला इतकी वर्षं दार लावून बसले?" काकांनी शेंगांची पुडी तिच्यापुढे धरली. तिने चार शेंगा घेतल्या. आम्ही पार्क बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसलो.

भीती उगीच होती असं मी म्हणणार नाही. चाळीसहून अधिक घरांसाठी ती खरी ठरली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये दिलसुखनगरला पुन्हा स्फोट झाले, तेव्हाही संध्याकाळच होती. पण एका संध्याकाळी झालेल्या गोष्टीने पुढच्या सगळ्या संध्याकाळी नेल्या, तर ज्यांनी ते केलं त्यांना हवं ते मिळाल्यासारखंच आहे. कोठीच्या लोकांना हे आपल्याआधी कळलं होतं. गोकुळ चाट पुन्हा उघडलं, लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. मी निघायच्या आदल्या दिवशी आत्याही राहिली. कचोरी तिखट आहे म्हणाली, आणि पूर्ण खाल्ली.

शेवटची रात्र मात्र ऑफिसची. रिलीज होतं. प्रॉडक्शनला सगळं नीट चढेपर्यंत पहाटेचे साडेतीन वाजले. टीम भुकेली. कॅब थेट नामपल्लीला राम की बंडीवर नेली. बंडी म्हणजे हातगाडी. शहर झोपलेलं असताना तिथे तवे तापतात आणि लोण्या-चीजचा डोसा खायला आयटीवाले, कॉलेजची मुलं, पहाटेचे ड्रायव्हर सगळे एका रांगेत उभे असतात. गच्चीबावलीच्या हॉटेलात आठ दिवस राहिलेले माझे सहकारी म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" मी रोज सांगत होते.

आता थोडं कामाचं, कारण रात्री फिरायचं म्हणजे तयारी हवी.

शेवटची मेट्रो रात्री अकराच्या सुमारास सुटते, आपल्या स्टेशनाची वेळ आधी बघून ठेवा. काचीगुड्याच्या घरासाठी सुलतान बाजार, नारायणगुडा किंवा कोठीजवळचं ओस्मानिया मेडिकल कॉलेज ही स्टेशनं सोयीची. त्यापुढे ऑटो.

मुलींनो, हैदराबाद पोलिसांची शी टीम २०१४ पासून काम करते आहे. तेलंगणा पोलिसांची टी-सेफ ही सेवा आपला प्रवास पोहोचेपर्यंत लक्षात ठेवते. गरज पडली तर ११२ किंवा १००. आणि लाइव्ह लोकेशन मैत्रिणीला पाठवता तसं यजमानांनाही पाठवा. जागं राहणाऱ्या माणसाला नकाशावरचा सरकता ठिपका मोठा आधार देतो.

किती वाजता येणार ते निघतानाच सांगा, आणि उशीर होणार असेल तर वेळ होण्याआधी फोन करा, झाल्यावर नव्हे.

ज्येष्ठांना नेताना एका संध्याकाळी एकच ठिकाण ठरवा. बसायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहा. चालण्यापेक्षा बसण्यात जास्त वेळ जाऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटे जाऊ नका. सुरक्षिततेसाठी तर आहेच, पण ज्या घरी उतरला आहात तिथल्या माणसाला एकदा विचारा, "तुम्ही शेवटचं कधी गेला होता?" नकार आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.